पर्फ सात-आठ महिने वापरून: थ्रेडवाल्या डीबीसाठी (डेटाबेससाठी) भारी, पण व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) जपून

आधीच सांगतो, क्वेरी स्लो आहे म्हणून लगेच पर्फकडे (सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं लिनक्सचं टूल) धावू नका, एक्सप्लेन (डीबी क्वेरी कशी चालवणार ते सांगणारी कमांड) बघा, इंडेक्स बघा, बहुतेक वेळा भानगड तिथेच असते. पर्फ लागतं ते त्याच्या पुढे, म्हणजे क्वेरी चांगली आहे, डिस्क निवांत आहे आणि तरी सर्व्हर धापा टाकतोय तेव्हा.

आमचं महापेला हेच चाललं होतं. मारियाडीबी डेटाबेस, खाली लिनक्सचा 4.18 कर्नल (सिस्टमचा गाभा). संध्याकाळी लोड वाढला की टॉप कमांडमध्ये यूजरपेक्षा (प्रोग्रामच्या स्वतःच्या वेळेपेक्षा) सिस्टमचाच (कर्नलमधल्या वेळेचा) आकडा मोठा, आणि स्लो लॉगमध्ये काय तर प्रायमरी कीवरून एक रो उचलणाऱ्या क्वेऱ्या, ज्या एरवी तिथे दिसतही नाहीत! मग नेहमीची ढकलाढकली, डेव्हलपर म्हणणार डीबी, आम्ही म्हणणार ॲप, नेटवर्कवाले म्हणणार पिंग ओके आहे.

पर्फ रेकॉर्ड लावलं, सगळे सीपीयू, कॉल ग्राफसकट (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी), 99 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 99 नमुने (100 नाही, कारण ठरावीक ठेक्यात चालणाऱ्या कामांशी सँपलिंगचा ताल जुळला की चित्र चुकतं). त्याचा फ्लेम ग्राफ काढला, म्हणजे जितका सीपीयू खाल्ला तितका रुंद पट्टा दाखवणारं चित्र. हे फ्लेम ग्राफ ब्रेंडन ग्रेगने 2011 मध्ये मायएसक्यूएलचाच एक प्रॉब्लेम शोधताना बनवले, त्यामुळे डीबीवाल्यांचा त्यावर पहिला हक्क आहे असं मी मानतो. तर ग्राफमध्ये एक भलामोठा पट्टा, वर आरडब्ल्यूसेम स्पिन ऑन ओनर (लॉक सुटायची वाट बघत सीपीयू फिरवणारं फंक्शन), त्याखाली एमप्रोटेक्ट (मेमरीच्या परवानग्या बदलणारा कर्नल कॉल), त्याखाली मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन). डिस्क नाही, नेटवर्क नाही, मेमरी मागण्यातच सीपीयू जळत होता.

कारण असं की मारियाडीबीत साधारणपणे कनेक्शनमागे एक थ्रेड, आणि सगळे थ्रेड एकाच ॲड्रेस स्पेसमध्ये, जिच्यावर कर्नलचं लॉक एकच, एमएमॅप सेम (5.8 पासून नाव एमएमॅप लॉक). एखाद्या थ्रेडला सॉर्टसाठी मेमरी हवी झाली की जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, मॅलॉक तिचंच) आपला अरिना (मेमरीचा साठा) एमप्रोटेक्टने वाढवते, त्याला हे लॉक राइटसाठी लागतं, बाकीच्यांना साध्या पेज फॉल्टलाही (मेमरीचं पान पहिल्यांदा हाताळताना) तेच रीडसाठी लागतं, आणि राइटवाला रांगेत उभा राहिला की मागून येणारे रीडवालेही तटतात. ठाणे स्टेशनच्या पुलावर सहाच्या गर्दीत कोणी डोक्यावर गादी घेऊन चढावं तसं. गंमत म्हणजे त्या वेळी पीएस कमांडसुद्धा मधेच अडकायची, कारण कमांडलाइन वाचायलाही हेच लॉक. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस, त्यामुळे तिथे हा प्रकार असा एका जागी साठत नाही.

जेमॅलॉक (जीलिबसीच्या मॅलॉकऐवजी वापरायची लायब्ररी) प्रीलोड केलं, थ्रेड कॅश (पुन्हा वापरायला राखून ठेवलेले थ्रेड) वाढवला, सिस्टमचा आकडा खाली आला, ढकलाढकलीचा सोक्षमोक्ष लागला.

आता वैताग. बायनरी फ्रेम पॉइंटरशिवाय (फंक्शनांची साखळी शोधायचा दुवा) बनवलेली असेल तर स्टॅक, म्हणजे ती साखळी, अर्धवट तुटतात, ड्वॉर्फ मोड (डीबग माहितीवरून साखळी जुळवणारा) लावावा तर फाइल इतकी फुगते की ती वाचायलाच चहा होऊन जातो. फेडोरा 38 आणि उबुंटू 24.04 पासून पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसकट येतात, पण प्रॉडक्शनवर एवढं नवीन कोणाकडे असतं. मग पर्फ इव्हेंट पॅरानॉइडची सेटिंग (पर्फ कोणाला किती वापरता येईल ते ठरवणारी), ती खाली आणायला सिक्युरिटीवाल्यांच्या मागे फिरा.

सगळ्यात गंडवणारी जागा व्हीएमची. बऱ्याच ठिकाणी आत हार्डवेअर काउंटर (सीपीयूमधलेच मोजणी करणारे भाग) मिळतच नाहीत, सायकल्ससमोर नॉट सपोर्टेड येतं आणि पर्फ गुपचूप सीपीयू क्लॉक नावाच्या सॉफ्टवेअर टायमरवर जातं. तो टायमर इंटरप्टवर चालतो, म्हणून इंटरप्ट बंद असतानाचा सगळा वेळ ते जिथे परत चालू होतात त्या फंक्शनच्या नावावर जमा होतो. रॉ स्पिन अनलॉक आयआरक्यू रिस्टोर (लॉक सोडून इंटरप्ट परत चालू करणारं फंक्शन) सगळ्यात वर दिसलं तर त्याला दोष देऊ नका, ते बिचारं फक्त दार उघडतं.

आणि असं सँपलिंग फक्त सीपीयूवर पळणारा थ्रेड पकडतं. फ्युटेक्सवर (लॉकची वाट बघत) झोपलेले थ्रेड त्यात येतच नाहीत, त्यासाठी मी बीसीसी या टूलसंचातलं ऑफसीपीयूटाइम वापरतो, दोन्ही ग्राफ शेजारी ठेवल्याशिवाय मी आता कुठल्याच मीटिंगला जात नाही.

फुकट आहे, कर्नलसोबतच येतं, पाचपैकी चार. कर्नल 6.4 मध्ये पेज फॉल्टसाठी मेमरीच्या प्रत्येक भागाला वेगळं लॉक आलंय, त्याने हे दुखणं बरंच हलकं व्हावं, पण आमचं अपग्रेड अजून मंजुरीत अडकलंय, तोवर जेमॅलॉकवर भागतंय.