रविवारची जीके टेस्ट सिरीज: पर्याय ताजे, उत्तरतालिका शिळी

वीस पेपर, पाचशे रुपये, दर रविवारी सकाळी अकरा वाजता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या अभ्यासिकेत चालणारी ही टेस्ट सिरीज फक्त सामान्य ज्ञानाची आहे. गणित, बुद्धिमत्ता, व्याकरण यांना हात लावलेला नाही. सुटा पेपर घ्यायचा तर चाळीस रुपये. पोलीस भरतीवाले, तलाठीवाले, जीडीवाले (केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीचे), रेल्वेवाले सगळे पोट्टे-पोट्टी एकाच हॉलमध्ये एकाच पेपरला बसतात. अकराची वेळ सोयीची आहे. सकाळचा धावण्याचा सराव, म्हणजे ग्राउंड, मारून, घरी जेवून, एसटीनं येता येतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे वसूल होतात, पण ते प्रश्नांमुळे नाही, पर्यायांमुळे. आणि उत्तरतालिका जशीच्या तशी पाठ केली तर मात्र नुकसान आहे.

दहा हजार प्रश्नांचे ठोकळे, म्हणजे जाडजूड प्रश्नसंच, बाजारात ढिगानं मिळतात. त्यांचा नमुना सगळ्यांना पाठ आहे: महाराष्ट्राची उपराजधानी कोणती? नागपूर, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. असे शंभर प्रश्न सोडवले तरी हाती काही लागत नाही, शंभर बरोबरच्या खुणा तेवढ्या पडतात. या सिरीजचा पेपर काढणाऱ्याचा हात वेगळा आहे. तिसऱ्या पेपरातला हा प्रश्न बघा. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीला काय म्हणतात? पर्याय दिलेत पैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, कन्हान. उत्तर प्राणहिता, हे बहुतेकांना येतं. पण बाकीचे तीन उगाच घातलेले नाहीत. पैनगंगा वर्धेला मिळते, तेही या संगमाच्या आधीच. कन्हान वैनगंगेला मिळते. इंद्रावतीचा या दोघींशी संबंधच नाही. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत गेल्यावर, त्याच्याही खाली इंद्रावती स्वतंत्रपणे गोदावरीला मिळते. चारही पर्याय समजून घेतले की पूर्व विदर्भाचं पाणी कुठून कुठं जातं त्याचा नकाशाच डोक्यात बसतो. उद्या कन्हान कोणाची उपनदी असं विचारलं तरी अडत नाही.

जिल्हानिर्मितीचा प्रश्नही असाच कसलेला आहे. 'वाशीम कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला' एवढ्यावर न थांबता विचारलंय, वाशीमसोबत त्याच दिवशी आणखी कोणता जिल्हा अस्तित्वात आला? पर्यायांत नंदुरबार, हिंगोली, लातूर, जालना. वाशीम आणि नंदुरबार १ जुलै १९९८ चे, गोंदिया आणि हिंगोली १ मे १९९९ चे. लातूर १६ ऑगस्ट १९८२, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपुरातून गडचिरोली. जालना १ मे १९८१, सिंधुदुर्गसोबत. एका प्रश्नाला धरून आठ जिल्हे होऊन जातात. पोलीस भरतीला बसणाऱ्यानं तर हे सोडूच नये. तिथं लेखीचा पेपर प्रत्येक घटक, म्हणजे त्या-त्या जिल्ह्याचं किंवा शहराचं पोलीस दल, आपापला काढतो, त्यामुळे ज्या जिल्ह्यात फॉर्म भरला त्या जिल्ह्याच्या नद्या, धरणं, तालुके, संतांची गावं पेपरात येतातच. गोसीखुर्द म्हटलं की पवनी आणि वैनगंगा, ऊर्ध्व वर्धा म्हटलं की मोर्शीजवळचं सिंभोरा, तुकडोजी महाराज म्हटलं की जन्म यावलीचा आणि आश्रम मोझरीचा. यावली-मोझरीची गल्लत करणारे दर बॅचला निघतात आणि पेपर काढणाऱ्यालाही ते माहीत आहे, कारण दोन्ही गावं पर्यायांत शेजारी-शेजारी ठेवलीत.

आता शिळेपण.

सात आणि आठ क्रमांकाचे पेपर राज्यघटना आणि पंचायत राजचे. इथं जुन्या ठोकळ्यातून प्रश्न उचलल्याचं सरळ दिसतं. महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या २८९ दिली आहे. निवडून येणारे २८८ आणि एक अँग्लो-इंडियन नामनिर्देशित, असा तो जुना हिशोब. १०४ व्या घटनादुरुस्तीनं ही नामनिर्देशनाची तरतूद २५ जानेवारी २०२० पासून संपली. आता फक्त २८८. त्याच कारणानं लोकसभेची कमाल संख्या ५५२ ऐवजी ५५० झाली, आणि तीही तालिकेत जुनीच आहे. अभिजात भाषा सहा लिहिल्यात; ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली आल्यावर त्या अकरा झाल्या. मराठीच्या पोरांना मराठीचाच प्रश्न चुकीचा शिकवायचा, याला काय म्हणावं!

सरपंच निवडीचा प्रश्न तर मासलेवाईक आहे. 'सरपंचाची निवड कोण करतं?' तालिकेत उत्तर: ग्रामपंचायत सदस्य. हा नियम बदलत गेलाय. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड आली, २०२० मध्ये ती रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून झाली, २०२२ मध्ये परत थेट जनतेतून. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या ठोकळ्यांत वेगवेगळी उत्तरं सापडतात आणि ती छापली तेव्हा बरोबरच होती. आज उत्तर थेट मतदार. उपसरपंच मात्र सदस्यांतूनच. गावात निवडणूक पाहिलेल्या पोराला हे उत्तर येतं, आणि छापील तालिका बघून तेच पोरगं बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितं. छापलेलं म्हणजे खरं, ही सवय इथं महागात पडते.

सर्वांत वाईट अवस्था चौदा ते सोळा या पेपरांची, कायद्याच्या भागाची. पोलीस भरतीसाठी म्हणून विकले जाणारे हे तीन पेपर अजून भारतीय दंड संहितेतच अडकलेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. खुनाची शिक्षा ३०२ नव्हे, १०३. फसवणूक ४२० नव्हे, ३१८. नव्या संहितेत ३०२ हे कलम धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दोच्चारांबद्दल आहे, म्हणजे जुनं पाठ असलेला उमेदवार कोरं सोडत नाही, पूर्ण आत्मविश्वासानं चुकतो. हे तीन पेपर फुकट दिले तरी घेऊ नयेत.

काही प्रश्नांत शिळेपण नाही, निष्काळजीपणा आहे. 'पेंच व्याघ्र प्रकल्प कोणत्या राज्यात आहे?' पर्यायांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही, आणि 'दोन्ही राज्यांत' असा पर्याय नाही. पेंच सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे दोन उत्तरं बरोबर. खऱ्या परीक्षेत अशा प्रश्नावर हरकत घेतली जाते. इथं तालिकेत मध्य प्रदेश लिहून विषय संपवलाय. व्याघ्र प्रकल्पांवरचा दुसरा प्रश्न मात्र नीट आहे: राज्यात सहा, त्यांतला विदर्भाबाहेरचा एकच कोणता? सह्याद्री. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे पाच आपले.

गुण मोजण्याची पद्धत बदलायलाच हवी. सगळ्या पेपरांना सरसकट एक चतुर्थांश नकारात्मक गुण. पोलीस शिपाई भरतीच्या लेखीत नकारात्मक गुण नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीतही नव्हते. रेल्वेच्या एनटीपीसी आणि ग्रुप डी मध्ये एक तृतीयांश कापतात. एसएससी जीडीत प्रश्न दोन गुणांचा आणि चुकीला पाव गुण. ही तीन वेगळी गणितं आहेत. चार पर्यायांत डोळे मिटून तुक्का मारला तर चारांत एक लागतो, तीन चुकतात. रेल्वेत एकाचा मिळालेला गुण तीन तृतीयांशात जातो, हिशोब शून्य. जीडीत तोच तुक्का दोन गुण देतो आणि पाऊण गुण नेतो, म्हणजे सव्वा गुण पदरात. पोलीस भरतीत तर कोरा गोल सोडणं हा शुद्ध तोटा. सिरीजमध्ये वीस आठवडे प्रश्न सोडून द्यायची सवय लागलेलं पोरगं तिथं आठ-दहा गोल कोरे ठेवून येतं. आपल्या परीक्षेचा नियम उत्तरपत्रिकेवर कोपऱ्यात लिहून घरी पुन्हा गुण मोजावेत. संयोजकांच्या यादीतला नंबर बघू नये.

तपासणीतही एक खोट आहे. ओएमआर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिका, झेरॉक्सच्या पातळ कागदावर असतात आणि तपासतात भोकं पाडलेला पुठ्ठा वर ठेवून. भोकातून काळं दिसलं की बरोबर. एखाद्यानं एकाच प्रश्नाचे दोन गोल काळे केले तरी पुठ्ठ्याला फक्त बरोबरचा दिसतो आणि गुण मिळतो. खऱ्या परीक्षेत दोन गोल भरले की तो प्रश्न गेला. उपाय सोपा आहे: पुठ्ठा ठेवण्याआधी दोन गोल भरलेल्या ओळींवर लाल रेघ मारून घ्यायची. एका पेपरला अर्धा मिनिट लागेल. शिवाय या कागदावर जेल पेनाची शाई मागं फुटते. साधं काळं बॉल पेन न्यावं.

पन्नास प्रश्नांना तीस मिनिटं दिली जातात, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. ही ढील आहे. पोलीस भरतीत शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं, सरासरी चोपन्न सेकंद. जीडीत ऐंशी प्रश्नांना साठ मिनिटं. पण गणिताला दीड-दोन मिनिटं लागणारच, ती जीकेतूनच काढायची असतात. पंचवीस प्रश्न दहा मिनिटांत, हा वेग ठेवला पाहिजे. जीकेत उत्तर पंधरा सेकंदांत आठवलं नाही तर साठाव्या सेकंदालाही आठवत नाही.

पेपरनंतरचा तासाभराचा खुलासा हा या सिरीजचा सगळ्यात चांगला भाग. शिकवणारे फक्त उत्तर वाचत नाहीत, बाकीचे तीन पर्याय का चूक ते फळ्यावर मांडतात. प्राणहितेचा नकाशा तिथंच काढला गेला. बारा वाजता परतीची एसटी म्हणून अर्धे पोट्टे याच वेळी उठतात. राजेहो, पेपर घरी सोडवला तरी चालेल, पण हा तास चुकवू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवार चुकणाऱ्यांना बुधवारी पेपर देता येतो, पण बुधवारी खुलासा नसतो, त्यामुळे ती सोय अर्धीच.

चालू घडामोडींचे चार पेपर ठीकठाक. नेमणुका आणि दिनविशेष यांची भरताड जास्त आहे, पण जिथं मेहनत घेतली तिथं प्रश्न छान उतरलेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांत किल्ले बारा; प्रश्न विचारलाय महाराष्ट्राबाहेरचा कोणता? तामिळनाडूतला जिंजी. लाडकी बहीण योजनेवरही दरमहा १५०० हा सगळ्यांना पाठ असलेला आकडा सोडून वयोमर्यादा २१ ते ६५ आणि अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा विचारली आहे. फक्त या पेपरांवर 'अमुक महिन्यापर्यंत' असा शिक्का नाही. परीक्षेच्या साधारण वर्षभर आधीपर्यंतच्या घडामोडी विचारात घ्याव्या लागतात, तेव्हा शिक्का नसलेला पेपर कितपत उपयोगाचा हे कळत नाही.

सिरीज घेतलीच तर एक वही आडवी धरून चार रकाने पाडा. पहिल्यात चुकलेला प्रश्न, दुसऱ्यात बरोबर उत्तर, तिसऱ्यात उरलेले तीन पर्याय कशाची उत्तरं आहेत, चौथ्यात हे उत्तर कधी बदललं किंवा बदलू शकतं. तिसरा रकाना भरायलाच वेळ जातो, आणि तोच उपयोगी पडतो. आठवड्यानं फक्त पहिला रकाना उघडा ठेवून बाकीचे झाकायचे आणि पुन्हा विचारायचं.

हॉलमध्ये इन्व्हर्टर आहे, पण तो दिव्यांपुरता. पंखे बंद पडतात. उन्हाळ्यातल्या रविवारी खिडकीकडची बाकं साडेदहालाच भरलेली असतात.

पाचशे एकदम भरण्याआधी काउंटरवर सातव्या आणि आठव्या पेपरची तालिका मागून बघा. विधानसभा २८८ आहे का, सरपंच थेट मतदारांतून लिहिलाय का, अभिजात भाषा अकरा आहेत का, एवढं तपासा. तीनही दुरुस्त झालेले दिसले तर पूर्ण संच घ्या. नसतील तर दोन ते सहा, नऊ ते अकरा असे भूगोल-इतिहासाचे आठ पेपर सुटे घ्या. तीनशे वीस रुपये होतात, आणि खुलाशाच्या तासाला सुट्या पेपरवाल्यांनाही बसू देतात.