कॅलिफोर्निया सोडून शांत गावाकडे: उत्तर आयडाहो की पूर्व टेनेसी?

२०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डॉनल्ड ट्रम्प यांना कोणत्याही एका राज्यातून मिळालेली सर्वाधिक मते टेक्सस किंवा फ्लोरिडातली नव्हती, तर कॅलिफोर्नियातली होती. ती ६० लाखांहून थोडी अधिक भरली आणि तरीही त्या राज्यात ते सुमारे २९ टक्क्यांच्या फरकाने हरले. आपले मत मोजले जाते पण त्याने काहीच हलत नाही, शाळेत काय शिकवावे यात आपल्याला शब्द नाही आणि कर मात्र पुरेपूर भरावा लागतो, अशी भावना असलेला हा मोठा मतदारवर्ग आहे. गेल्या दशकभरात त्यातली अनेक कुटुंबे महानगरे सोडून दूरच्या, आपल्या मताच्या लोकांनी वसलेल्या भागांत गेली.

या स्थलांतराला नावही आहे आणि बाजारही. जेम्स वेस्ली रॉल्स या लेखकाने २०११ मध्ये आयडाहो, मॉन्टाना, वायोमिंग आणि वॉशिंग्टन व ऑरेगनचे पूर्वभाग मिळून 'अमेरिकन रिडाउट', म्हणजे एक प्रकारचा शेवटचा गड, अशी कल्पना मांडली. कॅलिफोर्नियात अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) निवडणुकीत पराभूत झालेले पॉल शॅबो टेक्ससला गेले आणि २०१७ मध्ये त्यांनी 'कॉन्झर्व्हेटिव्ह मूव्ह' ही घरे शोधून देणारी संस्थाच काढली. आयडाहोची लोकसंख्या २०१० ते २०२० या काळात १७.३ टक्क्यांनी वाढली. युटा वगळता इतक्या वेगाने दुसरे कोणतेही राज्य वाढले नाही.

सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, लॉस एंजेलिस किंवा सिएटल येथील मराठी कुटुंबांतही हा विचार करणारे आहेत. कमी कर, कुटुंबाला मान, मुलांच्या शिक्षणात पालकांचा अधिकार आणि रस्त्यावरची सुरक्षितता या मुद्द्यांवर त्यांचे या मतदारांशी बरेच जुळते. पुढील तुलना अशा कुटुंबांसाठी आहे. माझे मत आधीच नोंदवतो: शाळकरी मुले आणि नोकरीची गरज असलेल्या मराठी कुटुंबासाठी पूर्व टेनेसीतील नॉक्सव्हिलभोवतीचा भाग अधिक योग्य आहे. उत्तर आयडाहो हा निवृत्त, नागरिकत्व मिळालेल्या आणि एकांत खरोखर आवडणाऱ्या जोडप्याने विचारात घ्यावा असा पर्याय आहे.

प्रथम पैशांचे पाहू, कारण बहुतेकांची चर्चा तेथूनच सुरू होते आणि बऱ्याचदा तेथेच चुकते. कॅलिफोर्नियात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. आयडाहोने २०२५ पासून सर्वांसाठी ५.३ टक्के हा एकच दर ठेवला आहे. टेनेसीत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही आणि व्याज व लाभांशावर असलेला जुना करही २०२१ पासून संपला. ज्या जोडप्याचे करपात्र उत्पन्न दीड लाख डॉलर आहे त्याला आयडाहोत साधारण साडेसात हजार डॉलर द्यावे लागतील, टेनेसीत शून्य. परंतु टेनेसी ही कसर विक्री करातून भरून काढते. तेथे राज्याचा दर ७ टक्के असून स्थानिक कर धरल्यास पावतीवर नऊ ते पावणेदहा टक्के लागतात. किराण्यावर राज्याचा दर ४ टक्के असला तरी स्थानिक कर त्यावरही पडतो. आयडाहो किराण्यावर पूर्ण ६ टक्के घेते, मात्र आता माणशी १५५ डॉलरची सवलत परत देते. चौघांच्या घरात किराण्यावरचा बराचसा कर अशा रीतीने वळता होतो. थोडक्यात, पगार मोठा असेल तर टेनेसी स्वस्त पडते. निवृत्तीनंतर खर्चच उत्पन्नाच्या जवळ जाऊ लागला की हा फरक पुष्कळ आटतो.

घराच्या बाबतीत जुन्या समजुती टाकून द्याव्या लागतील. कोर्दलेन हे उत्तर आयडाहोतील सुंदर तळ्याकाठचे शहर ज्या कूटनी काउंटीत आहे तिची लोकसंख्या २०१० मध्ये १,३८,४९४ होती, ती २०२० मध्ये १,७१,३६२ झाली. येणारी कुटुंबे कॅलिफोर्नियातील घराचे पैसे हातात घेऊन आली, त्यामुळे २०२२ पर्यंत तेथील घराची मध्यम किंमत पाच लाख डॉलरच्या वर गेली. स्थानिक शिक्षक किंवा परिचारिका आज आपल्याच गावात घर घेऊ शकत नाही आणि नव्यांविषयीच्या नाराजीचे मूळ राजकारणापेक्षा बहुधा येथेच असते. पूर्व टेनेसीतही किमती वाढल्या आहेत, पण निवडीला वाव अधिक आहे. दोन्हीकडे गावाबाहेर जागा घेतल्यास पाण्यासाठी बोअर, सांडपाण्यासाठी सेप्टिक टँक आणि खासगी रस्त्याची देखभाल हे खर्च आपल्याच माथी येतात, याचा हिशेब शहरातून आलेली माणसे सहसा करत नाहीत.

निर्णय ज्यावर व्हायला हवा ती गोष्ट म्हणजे रुग्णालय. उत्तर आयडाहोतील सँडपॉइंट येथील बॉनर जनरल रुग्णालयाने २०२३ मध्ये आपला प्रसूती विभाग बंद केला. राज्यातील कायदेशीर व राजकीय वातावरण आणि त्यामुळे सोडून जाणारे तज्ज्ञ हे कारण रुग्णालयाने स्वतः दिले. ऑगस्ट २०२२ पासून आयडाहोत गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे आणि ती मोडणाऱ्या डॉक्टरला तुरुंगवासाची शिक्षा आहे. विभाग बंद झाल्यापासून सँडपॉइंटच्या गरोदर स्त्रियांना सुमारे ४५ मैलांवरील कोर्दलेनला जावे लागते. अशी बंदी टेनेसी आणि टेक्ससमध्येही आहे, म्हणून हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. ज्या भागात प्रसूतितज्ज्ञच मोजके असतात तेथे दोघे-तिघे निघून गेले तरी विभाग चालवता येत नाही. गंभीर आजारासाठी उत्तर आयडाहोची माणसे सीमा ओलांडून स्पोकेनला जातात. जवळचे मोठे विमानतळही तेथेच आहे. स्पोकेन वॉशिंग्टन राज्यात येते, म्हणजे ज्या राज्याच्या कारभाराला कंटाळून काही जण आयडाहोत आले त्याच राज्याच्या रुग्णालयावर त्यांची भिस्त राहते.

टेनेसीचीही बाजू निर्मळ नाही. २०१० नंतर सर्वाधिक ग्रामीण रुग्णालये ज्या राज्यांत बंद पडली त्यांत टेनेसी आणि टेक्सस अग्रभागी आहेत. दोन्ही राज्यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याचा विस्तार नाकारला, तर आयडाहोच्या मतदारांनी २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतांनी तो मान्य केला. रिपब्लिकन राज्य म्हटले की सगळीकडे एकच धोरण असेल असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. टेनेसीच्या ईशान्य कोपऱ्यात दोन प्रतिस्पर्धी रुग्णालय-समूह २०१८ मध्ये एक होऊन 'बॅलड हेल्थ' झाले आणि रुग्णाला दुसरा पर्यायच उरला नाही. त्याच समूहाच्या अर्विन गावातील युनिकॉय काउंटी रुग्णालयाला सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळानंतरच्या पुराने वेढले आणि पन्नासहून अधिक लोकांना छतावरून हेलिकॉप्टरने वाचवावे लागले. म्हणून पूर्व टेनेसी म्हणताना मला हा ईशान्य कोपरा अभिप्रेत नाही. नॉक्सव्हिलपासून तीस-चाळीस मिनिटांच्या टप्प्यातील अँडरसन, लाउडन, रोन या काउंट्या अभिप्रेत आहेत. नॉक्सव्हिलला विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे, अपघातातील गंभीर जखमींसाठी सर्वोच्च श्रेणीची व्यवस्था आहे, आणि तेथे पोहोचायला डोंगर किंवा राज्याची सीमा ओलांडावी लागत नाही.

समाजाविषयी सावधपणे, पण स्पष्ट लिहायला हवे. मतांनी परंपरावादी असणे आणि त्या गावच्या परंपरेत सामावले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयडाहोतील मॉस्को या विद्यापीठाच्या गावात डग्लस विल्सन यांचे ख्राइस्ट चर्च उघडपणे सांगते की त्यांना ते गाव ख्रिस्ती करायचे आहे. टेनेसीच्या जॅक्सन काउंटीत गुंतवणूकदारांनी जमिनी घेऊन ख्रिस्ती परंपरावाद्यांसाठी वसाहत आखली, तेव्हा ज्यांची मते त्याच पक्षाला जातात असे तेथले जुने रहिवासीही अस्वस्थ झाले. नवागत अनेकदा स्थानिकांहून कडवे असतात. स्थानिकांचा परंपरावाद नात्यागोत्यांतून, चर्चच्या जेवणांतून आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागण्यातून आलेला असतो, तर नव्याने आलेल्यांचा बराचसा दूरचित्रवाणीवरून. कोर्दलेनमधील नॉर्थ आयडाहो कॉलेजात विश्वस्त मंडळातील भांडणे इतकी टोकाला गेली की २०२३ मध्ये त्याची शैक्षणिक मान्यताच धोक्यात आली होती.

मराठी माणसाने आणखी एका गोष्टीचा विचार केलाच पाहिजे. कोर्दलेनच्या उत्तरेला हेडन लेकजवळ एकेकाळी 'आर्यन नेशन्स' या वंशद्वेष्ट्या संघटनेचा तळ होता, आणि तिचा प्रमुख रिचर्ड बटलरही कॅलिफोर्नियातूनच आलेला होता. २००० मध्ये ६३ लाख डॉलरच्या निकालाने ती संघटना मोडली. त्याच्या कितीतरी आधी, १९८१ मध्येच, कूटनी काउंटीच्या नागरिकांनी तिच्याविरुद्ध मानवी संबंधांसाठी समिती उभी केली होती, हे तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे. मात्र २०२२ च्या जूनमध्ये 'पेट्रियट फ्रंट' या गौरवर्चस्ववादी गटाचे ३१ जण कोर्दलेनमध्ये पकडले गेले, आणि मार्च २०२४ मध्ये युटा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला तेथे वांशिक शिवीगाळ सहन करावी लागली. रोजचे शेजारी असे नसतात, परंतु ज्या काउंटीत दहातील नऊ माणसे गोरी आहेत तेथे आपल्या मुलीला वर्गात एकटी वेगळी दिसण्याची सवय करावी लागेल. ओक रिजला राष्ट्रीय प्रयोगशाळा असल्यामुळे पूर्व टेनेसीच्या या पट्ट्यात भारतीय शास्त्रज्ञ अनेक दशके राहत आले आहेत आणि लेनोर सिटीत हिंदू मंदिर आहे. कोर्दलेनहून सिएटलचे मराठी जग जवळजवळ तीनशे मैलांवर राहते.

शाळांबाबत थोडक्यात सांगता येईल. घरी शिकवायचे असेल तर आयडाहोत नोंदणीही करावी लागत नाही, टेनेसीत मात्र कळवावे लागते. खासगी शिक्षणासाठी सरकारी मदतीचे कायदे दोन्ही राज्यांनी २०२५ मध्ये केले. स्पर्धा परीक्षा, गणिताचे क्लास, रोबोटिक्स यांची सवय लागलेल्या मुलांना ओक रिजच्या शाळा मानवतील, इतर गावांत चौकशी करूनच जावे.

हवामानाला लोक कमी लेखतात. आयडाहोचा उत्तर भाग पॅसिफिक वेळ पाळतो, त्यामुळे डिसेंबरात कोर्दलेनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. बर्फ आवडू शकते, पण आठवडेच्या आठवडे टिकणारे करडे आभाळ आणि ऑगस्टमधील वणव्यांचा धूर सोसवणे कठीण आहे. टेनेसीत दमट उन्हाळा आणि वसंतातील टॉर्नेडोंचे (भोवऱ्यासारख्या वादळांचे) इशारे असतात. पुणे-मुंबईकडच्या शरीराला तो उन्हाळा ओळखीचा वाटेल. आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी येत असतील तर हा फरक निर्णायक ठरावा.

टेक्ससचा पर्याय अनेक जण सुचवतात. त्यांची सोय मला कळते: कॉलिन काउंटीत, फ्रिस्को आणि प्लेनोत भारतीय भरपूर आहेत, डॅलस-फोर्टवर्थचे महाराष्ट्र मंडळ मोठे आहे, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशनही डॅलसलाच झाले. परंतु दहा लाखांहून अधिक वस्तीची ती काउंटी शांत ग्रामीण भाग नव्हे. शिवाय २००४ मध्ये तेथे बुश यांना सुमारे ७१ टक्के मते होती आणि २०२० मध्ये ट्रम्प यांना जेमतेम ५१. मतदारसंघ आपल्यासारखाच राहील या भरवशावर घर घेणाऱ्याने हा आकडा पाहावा. खरा ग्रामीण टेक्सस हवा तर डोंगराळ भागातील कर (Kerr) काउंटी आहे, मात्र जुलै २०२५ मधील पुरात तिथे शंभराहून अधिक माणसे गेली. पगारावर कर नसला तरी टेक्ससचा मालमत्ता कर देशातील चढ्या करांपैकी आहे.

राजकारणासाठीच जाणाऱ्यांपैकी जे अजून नागरिक नाहीत त्यांना मतदानच करता येत नाही, आणि त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. एच-१बी व्हिसावर असलेल्याने घरून काम करत असताना महानगर क्षेत्राबाहेर बिऱ्हाड हलवले, तर २०१५ च्या सिमिओ प्रकरणातील निर्णयानुसार मालकाला सुधारित अर्ज करावा लागतो. ग्रीन कार्डची प्रक्रिया कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असल्याने तीही पुन्हा सुरू करण्याची वेळ येऊ शकते. डॉक्टरांची गोष्ट उलट आहे. प्रशिक्षणासाठी जे-१ व्हिसावर आलेल्या डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळावी अशी शिफारस प्रत्येक राज्य वर्षाला तीस जागांसाठी करू शकते आणि त्या बदल्यात वैद्यकीय सेवा अपुऱ्या असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. छोट्या गावांत भारतीय डॉक्टर दिसण्यामागे ही योजना आहे, आणि गावाला त्यांची गरज असल्यामुळे त्यांना जे स्थान मिळते ते घरून संगणकावर काम करणाऱ्या नवागताला मिळत नाही.

ज्यांचे कॅलिफोर्नियात स्वतःचे घर आहे त्यांनी ते विकण्याची घाई करू नये. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' या मालमत्ता कराच्या नियमामुळे जुन्या घराचे करासाठी धरले जाणारे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढत नाही. एकदा विकून परत आल्यास कर आजच्या किमतीवर बसतो. दुसरीकडे, विक्रीच्या नफ्यावर जोडप्याला मिळणारी पाच लाख डॉलरची केंद्रीय सूट गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे त्या घरात राहिलेल्यांनाच मिळते. म्हणजे घर भाड्याने देऊन नव्या ठिकाणी तीन वर्षांपर्यंत राहून पाहता येते आणि सूट हातची जात नाही. त्या काळात नव्या ठिकाणीही भाड्यानेच राहावे, आणि पहिला मुक्काम नोव्हेंबर ते मार्च असा ठेवावा.