स्लीपिओ: गोळीशिवाय झोप परत आली

ग्लासगोला आल्यापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी स्लीपिओ हा झोपेचा ऑनलाइन कार्यक्रम सुचवला. एनएचएसमार्फत, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेमार्फत असल्यामुळे पैसे पडले नाहीत. झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी निद्रानाशावरची उपचार पद्धती, म्हणजे सीबीटी, त्यात घरबसल्या मिळते. दर आठवड्याला एक अशी सहा सत्रं असतात. शिकवायला ॲनिमेटेड प्रोफेसर आणि सोबत त्यांचा पावलोव नावाचा कुत्रा. कार्यक्रमामागचे प्रा. कॉलिन एस्पी पूर्वी ग्लासगो विद्यापीठातच होते, हे कळल्यावर मला उगाच आपलेपणा वाटला!

रोज सकाळी झोपेची डायरी भरायची. खरा कस लागतो तो झोपेची वेळ आखून घेताना. आठ तास लोळून साडेपाच तासच झोप लागत असेल, तर पलंगावर साडेपाच तासच राहायचं. मला झोपायची वेळ मिळाली रात्री साडेबारा, उठायची सहा. रविवारीसुद्धा! अकरा वाजताच सोफ्यावर पेंग यायची, नवरा म्हणायचा, "अगं, झोप की आता." पण नेट धरला. पंधरा मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, घड्याळ बघायचं नाही. हळूहळू पाठ टेकली की झोप लागायला लागली आणि मग वेळ थोडी थोडी वाढवली.

२०२२ मध्ये उपचारांची पारख करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही झोपेच्या गोळ्यांऐवजी याची शिफारस केली आहे. मी तर मनापासून करते. फक्त अपस्मार (फिट येणं) किंवा बायपोलर हा मनःस्थितीचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सुरुवातीच्या पेंगुळलेल्या दिवसांत गाडी चालवू नका.