काट्यावर साडेतीन किलो: हलकी चेनसॉ घेताना मी कसा फसलो

झाड पाडायला फार वेळ लागत नाही, वेळ खातात त्या फांद्या. आडव्या पडलेल्या खोडाच्या कडेनं सरकत, कमरेत वाकून, करवत कधी वर कधी आडवी धरत अर्धा दिवस जातो. माझी पाडकामाची चेनसॉ, म्हणजे साखळीची पेट्रोल करवत, ६० सीसीची; बार (साखळी जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी), पेट्रोल, ऑइल धरून आठ किलोच्या घरातली. दुपारनंतर मनगटं भरून यायची. म्हणून फक्त फांद्यांसाठी एक हलकी मशीन घ्यायची ठरवली.

विक्रेत्यानं आधी वरच्या दांड्याची छोटी चेनसॉ पुढे केली. "एका हातानं चालते." हे खरं नाही, एवढं मात्र मला माहीत होतं. ती दोराला लटकून झाडावर काम करणाऱ्यांसाठी असते, आणि तीही दोन्ही हातांनीच चालवायची असते. जमिनीवर उभं राहून फांद्या काढायला मागच्या दांड्याचीच हवी. मी तसं म्हणालो, आणि आपल्याला यातलं कळतं अशी हवा डोक्यात गेली. माझी खरी चूक तीच.

मग त्यानं दुसरी काढली आणि काट्यावर ठेवली. ३.४ किलो. "४५ सीसी, १८ इंची बार, आणि वजन बघा!" ओल्या, मऊ ओंडक्यावर चालवून दाखवली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. "ही डेमोची. तुम्हाला पॅकबंद देतो," म्हणत त्यानं मागच्या ढिगातलं खोकं आणून दिलं. पॅकबंद म्हणजे कोरी, एवढाच अर्थ मी लावला. आत तीच मशीन आहे का, हे उघडून बघायचं सुचलंच नाही. बिलावर लिहिलं होतं, 'मशीन, १ नग'. ना मॉडेल, ना नंबर.

काट्यावर ठेवलेली मशीन नागडी होती: बार नाही, साखळी नाही, दोन्ही टाक्या कोरड्या. हे मात्र एकट्या त्याचं पाप नाही. कंपन्याही माहितीपत्रकात बहुतेक असंच वजन छापतात. पण १८ इंची बार आणि साखळीचा एक किलो, पाव लिटर पेट्रोलचे १९० ग्रॅम आणि वर साखळीचं ऑइल धरलं, की हातात येतात पावणेपाच किलो. आणि बार लांब असल्यानं सगळा भार नाकाकडे, म्हणजे बारच्या टोकाकडे. पुढच्या दांड्यावर तोललेली चेनसॉ जवळजवळ सपाट राहायला हवी, ही सरळ तोंडावर पडायची. पाठ दिवसभर तेच सावरत बसते.

दुसऱ्याच दिवशी मनगटाएवढ्या वाळक्या फांदीत साखळी अडकून थांबायला लागली. दात बघितले, कानस मारली, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं सिलिंडर उतरवून कॅलिपर लावला: आतला व्यास ३४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) २८. गणित शाळेतलंच आहे. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले स्ट्रोक, भागिले हजार. उत्तर आलं २५.४ सीसी. स्टिकरवर ४५! एवढ्याशा इंजिनाला १८ इंचांची साखळी ओढवणार कशी? त्याला बारा इंची बारही पुरेसा.

ताकद कमी निघाली हे एकवेळ सहन झालं असतं. ज्यानं झोप उडाली ते वेगळंच.

मिस्त्रीकडे जायच्या आदल्या दिवशी एक फांदी कापताना बारचं टोक तिच्या मागं लपलेल्या दुसऱ्या फांदीला लागलं. टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला काही टेकलं की मशीन उसळते. हे सगळ्या चेनसॉंचं आहे, आणि फांद्यांच्या कामात ते फार होतं, कारण टोक कुठं आहे ते पालापाचोळ्यात दिसत नाही. मशीन उसळून माझ्या खांद्याकडे आली. डावं मनगट पुढच्या ढालीवर, म्हणजे पुढच्या दांड्यासमोरच्या ब्रेकच्या पट्टीवर, आपटलं, ढाल 'खट' करून पुढं पडली, म्हणजे ब्रेक लागला. पण साखळी फिरतच होती. हेल्मेटच्या जाळीला घासून गेली. बाकी काही झालं नाही. नंतर मी त्याच खोडावर बराच वेळ बसून राहिलो.

मिस्त्रीनं क्लचचं कव्हर काढलं. क्लचच्या वाटीभोवती ब्रेकचा पोलादी पट्टा असतो, ढाल पडली की तो आवळला जातो. इथं पट्टाच नव्हता. ढाल होती, स्प्रिंग होती, 'खट' आवाज होता. खाली साखळी तुटली तर तिला अडवणारा खुंट असतो, तोही नव्हता. हादरे शोषणाऱ्या रबरी गुटक्यांच्या जागी दांडा सरळ स्क्रूनं आवळलेला. ३.४ किलो कुठून आले ते मला तिथं समजलं.

विक्रेत्याला फोन केला. "माल खोललात ना? मग परत होत नाही." स्टिकरवरच्या सीसीबद्दल विचारलं तर म्हणाला, ते मॉडेलचं नाव आहे. उत्तर तयारच होतं.

आता मी ३० सीसीची, १४ इंची बारची मशीन वापरतो. घेताना खोकं तिथंच उघडायला लावलं आणि बॉडीवर कोरलेला नंबर बिलात लिहून घेतला. बार-साखळी लावून, टाक्या भरून मग हातात तोलली. जमिनीवर ठेवून सुरू केली, क्षणभर रेस दिली आणि डाव्या मनगटानं ढाल ढकलली. साखळी जागच्या जागी थांबली. नाक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली, तर ऑइलची बारीक रेघ उमटली, म्हणजे पंप चालू. दुकानदार जरा वैतागला. वैतागू दे. जो हे करू देत नाही त्याच्याकडून मी घेणारच नाही.

जुनी मशीन मिस्त्रीकडे पडून आहे, सुटे भाग म्हणूनसुद्धा तिचं काही कामाचं नाही. परवा एका ओळखीच्यानं "हलकी आहे, घेऊ का?" म्हणून फोटो पाठवला. तोच विक्रेता, तोच लाल रंग, तीच ढाल. स्टिकरवर आता ५२ आहे.