मेंदूच्या जडणघडणीवरील ऑनलाइन अभ्यासक्रम: सहा आठवड्यांनंतरचे मत
बारावीला जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे, मेंदूच्या वाढीत न्यूरोट्रान्समीटरच्या (चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांच्या) रिसेप्टरांचे (ती रसायने पकडणाऱ्या पेशीवरील प्रथिनांचे) काम नीट समजावे म्हणून मी हा सशुल्क अभ्यासक्रम घेतला आणि तिसऱ्या आठवड्यातील गाबा या न्यूरोट्रान्समीटरवरच्या एका व्याख्यानातच पैसे वसूल झाले, असे मनापासून सांगते. प्रौढ मेंदूतील चेतापेशीला सहसा शांत करणारे हेच गाबा कोवळ्या चेतापेशीला मात्र उद्दीपित करते, कारण तिच्यात क्लोराइड आत खेचणारा एनकेसीसी-१ हा वाहक जोरात असतो, ते बाहेर काढणारा केसीसी-२ नंतर वाढतो, आणि त्यामुळे रिसेप्टर उघडताच साठलेले ऋणभारित क्लोराइड बाहेर पडून पेशी उद्दीपित होते. पडद्यावर दोन वयांतील पेशींचे आलेख शेजारी ठेवले होते. एकात रेषा वर उसळते, दुसऱ्यात खाली जाते. इतकी बोलकी मांडणी मी पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही.

ग्लुटामेट हे उद्दीपक न्यूरोट्रान्समीटर पकडणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचा भागही नेटका आहे. ग्लुटामेट येऊन बसले तरी पेशी आधीच उद्दीपित असल्याशिवाय या रिसेप्टरची वाट अडवणारे मॅग्नेशियमचे बूच निघत नाही, म्हणून एकाच वेळी सक्रिय होणाऱ्या जोडण्या बळकट होतात, हे सांगून व्याख्याते चेताशास्त्रज्ञ ह्युबेल आणि वीझेल यांच्या, एक डोळा बंद ठेवलेल्या मांजराच्या पिल्लांवरील, अनुभवाने मेंदूतील जोडण्या बदलतात हे दाखवणाऱ्या प्रयोगांकडे वळतात.

सेरोटोनिन आणि डोपामिन हे दुसरे न्यूरोट्रान्समीटर मात्र घाईत उरकले आहेत. उपशीर्षके सदोष आहेत, आणि माझ्या शंकेला दहा दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले, हे या शुल्कात खटकते. तरीही सहशिक्षकांना मी पहिले चार आठवडे आवर्जून सुचवेन.