‘इफकॉन्फिग’ सोडून ‘आयपी’ : नेटवर्क इंटरफेसचे पत्ते सांभाळताना आलेला आठ महिन्यांचा अनुभव

गोव्यातील साखळी येथील एका हायस्कूलच्या संगणक कक्षाची आणि वाचनालयाची तांत्रिक देखभाल मी काही वर्षांपासून करीत आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा एक सर्व्हर, विद्यार्थ्यांसाठी बावीस संगणक, कार्यालयात चार आणि सर्वांनी मिळून वापरायचा एक प्रिंटर एवढाच हा पसारा आहे. मी राहतो फोंड्याला, त्यामुळे बरेचसे काम एसएसएचवरून (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने), घरी बसून कमांड लाइनवरच करावे लागते. गेल्या मेअखेरीपर्यंत इंटरफेसचा (यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा) पत्ता पाहायचा किंवा बदलायचा झाल्यास मी ‘इफकॉन्फिग’ ही जुनी कमांड वापरीत असे. त्यानंतरचे आठ महिने मी केवळ ‘आयपी’ ही कमांड वापरली आहे.

हा बदल मी हौसेने केला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी वीज कोसळली आणि शाळेचा राउटर जळाला. नवा राउटर १९२.१६८.१.० या नेटवर्कमधले पत्ते वाटणारा निघाला, तर प्रिंटरला पूर्वीच १९२.१६८.०.५० हा कायमचा पत्ता देऊन ठेवलेला होता आणि त्याच्या पॅनेलवरची बटणे दमट हवेने निकामी झालेली असल्यामुळे तो बदलता येत नव्हता. सर्व्हरच्या त्याच इंटरफेसला जुन्या नेटवर्कमधला आणखी एक पत्ता द्यावा आणि सर्वांची छपाई सर्व्हरमार्फत करावी, हा त्यावरचा सोपा उपाय होता. ‘आयपी अ‍ॅड्र अ‍ॅड १९२.१६८.०.५/२४ डेव्ह ईएनपी३एस०’ ही ओळ, म्हणजे ‘ईएनपी३एस०’ नावाच्या इंटरफेसला हा पत्ता जोड अशी सूचना, मी चालवली आणि छपाई सुरू झाली. दोन दिवसांनी संगणक शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला, “सर, प्रिंटर सापडत नाही.” मी सवयीने ‘इफकॉन्फिग’ चालवून पाहिले, तर तिथे एकच पत्ता दिसला. दुसरा पुसला गेला असे समजून मी तो पुन्हा देऊ लागलो, तेव्हा ‘आरटीनेटलिंक आन्सर्स: फाइल एक्झिस्ट्स’ असे उत्तर आले. पत्ता जागच्या जागी होता, पण मी ज्या कमांडने पाहत होतो तिला तो दिसत नव्हता. बिघाड प्रत्यक्षात प्रिंटरच्या केबलमध्ये होता आणि चुकीच्या जागी शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला.

असे का झाले, हे समजून घेणे मला आवश्यक वाटले. ‘इफकॉन्फिग’ ही कमांड १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीपासूनची आहे. लिनक्सवर ती कर्नेलला (प्रणालीच्या गाभ्याला) आयओसीटीएल या जुन्या पद्धतीने प्रश्न विचारते, आणि तो प्रश्नच मुळी ‘या नावाच्या इंटरफेसचा पत्ता कोणता’ असा एकवचनी असतो. दुसरा पत्ता तिला दाखवायचा असेल तर ‘ईटीएच०:१’ यासारखे टोपणनाव द्यावे लागते. तसे नाव न देता जोडलेला पत्ता तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. ‘आयपी’ ही कमांड अ‍ॅलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी सुरू केलेल्या आयपीराउट२ या संचातली असून ती कर्नेलशी नेटलिंक या वेगळ्या मार्गाने बोलते. तिच्या लेखी इंटरफेस म्हणजे ‘लिंक’ ही एक वस्तू, त्यावर बसवलेला प्रत्येक पत्ता ही वेगळी वस्तू, वाट म्हणजे ‘राउट’ ही तिसरी आणि शेजारी यंत्रांची नोंद म्हणजे ‘नेबर’ ही चौथी. डेबियनने २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून ‘इफकॉन्फिग’ असलेला नेट-टूल्स हा संच मूळ स्थापनेतून वगळला. मी मात्र प्रत्येक नव्या यंत्रावर तो आठवणीने पुन्हा घालत राहिलो. ती सवय मी आधीच सोडायला हवी होती, असे आज मला मनापासून वाटते.

पाहण्याच्या कामात ही कमांड मला सर्वाधिक आवडली. ‘आयपी -बीआर अ‍ॅड्र’ असे लिहिले की प्रत्येक इंटरफेससाठी एकच ओळ येते: नाव, स्थिती आणि त्यावरचे सर्व पत्ते. बाईंनी फोनवरून वाचून दाखवायचे असते तेव्हा ही एका ओळीची मांडणी फार मोलाची ठरते. पूर्ण मांडणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला दाट वाटते खरी, पण तिच्यातला एकही शब्द वाया गेलेला नाही. ‘डायनॅमिक’ हा शब्द दिसला तर पत्ता ठरावीक मुदतीचा, बहुधा राउटरने वाटलेला आहे. ‘व्हॅलिड एलएफटी’पुढे त्याची उरलेली मुदत सेकंदांत असते आणि स्वतः दिलेल्या पत्त्यापुढे तिथे ‘फॉरेव्हर’ असते. ‘अप’ याचा अर्थ इंटरफेस आपण चालू केलेला आहे एवढाच. केबलच्या दुसऱ्या टोकाला खरोखर कोणी आहे हे ‘लोअर अप’ सांगते, आणि कोणी नसेल तर ‘नो-कॅरिअर’ दिसते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात केबलच्या टोकाच्या पिना गंजणे ही नित्याची गोष्ट असल्यामुळे हा भेद मला दर आठवड्याला उपयोगी पडला. पत्ता ठीक आहे पण कॅरिअर नाही एवढे कळले की टोक कापून नवे बसवायला सांगता येते, आणि सर्व्हरच्या सेटिंगला कोणी हात लावीत नाही.

पत्ता देण्याच्या कामात मात्र सावधपणा लागतो, कारण ही कमांड ‘खात्री आहे का’ असे कधीच विचारीत नाही. पत्त्यापुढची ‘/२४’ ही खूण पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगते; ती विसरली तर कमांड तक्रार न करता ‘/३२’, म्हणजे तो एकच पत्ता, धरते. पत्ता बसलेला दिसतो, पण त्या नेटवर्ककडे जाणारी वाट तयार होत नाही आणि शेजारचे यंत्रसुद्धा सापडत नाही. तोच आयपीव्ही४ पत्ता दुसऱ्या यंत्राकडे आधीच आहे का, हेही कर्नेल स्वतःहून तपासत नाही. त्यामुळे नवा पत्ता देण्याआधी ‘आर्पिंग -डी’ या कमांडने चौकशी करण्याचा नियम मी घालून घेतला आहे. इंटरफेस ‘डाउन’ करून लगेच ‘अप’ केला तर आयपीव्ही४ पत्ता टिकतो आणि त्याच्या स्वतःच्या नेटवर्कची वाट परत येते, पण हाताने दिलेली डीफॉल्ट (नेटवर्कबाहेर जाण्याची) वाट परत येत नाही. त्यामुळे शाळेत सर्व सुरळीत दिसते आणि फोंड्याहून मात्र सर्व्हर गायब झालेला असतो.

सर्वांत महाग पडलेली चूक येथे मुद्दाम विस्ताराने सांगतो. वाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी मी सर्व्हरला १९२.१६८.१.१० याच्या जोडीला १९२.१६८.१.११ असा त्याच नेटवर्कमधला पत्ता दिला होता. पुढे पहिला पत्ता काढून टाकायचे ठरले. आपण बसलेली फांदीच तोडली जाऊ नये म्हणून मी अगोदर .११ या पत्त्यावरून लॉगिन केले आणि मगच .१० काढला. त्याच क्षणी टर्मिनल गोठले. एकाच नेटवर्कमधला आधी दिलेला पत्ता प्राथमिक मानला जातो आणि नंतरचे ‘सेकंडरी’ म्हणून त्याच्या आधाराने राहतात. ‘प्रमोट सेकंडरीज’ ही कर्नेलची सेटिंग ० असेल तर प्राथमिक पत्त्याबरोबर हे सर्व जातात. आमच्या सर्व्हरवर ती ० होती. मुसळधार पावसात उसगावमार्गे साखळीला जाऊन मी तो पत्ता पडद्यासमोर बसून परत दिला. वाईट याचे वाटले की, पत्त्यापुढे ‘सेकंडरी’ हा शब्द कमांडने मला कित्येक दिवस स्पष्ट दाखवला होता आणि मी तो अर्थ न लावता वाचत होतो. आता ती सेटिंग मी १ करून ठेवली आहे.

चवथीच्या सुट्टीत ग्रंथसूची एका दुसऱ्या यंत्रावर हलवली तेव्हा ‘नेबर’ या वस्तूची ओळख झाली. .११ हा पत्ता जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर दिला, दोन्हीकडच्या मांडणीत तो बरोबर दिसत होता, तरी कार्यालयातील दोन संगणकांना सूची काही मिनिटे उघडता आली नाही. त्या संगणकांच्या लेखी .११ म्हणजे जुन्या यंत्राचेच नेटवर्क कार्ड होते. पत्ता दिल्याची दवंडी कर्नेल सहसा स्वतःहून पिटत नाही, ती ‘आर्पिंग -यू’ने आपण पिटावी लागते. ‘आयपी नेबर’ चालवून प्रत्येक पत्त्यासमोर कोणत्या कार्डाची नोंद आहे हे पाहिले, तेव्हा इतकी वर्षे ‘थोड्या वेळाने आपोआप होईल’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी तक्रारींचा उलगडा झाला.

या कमांडविरुद्ध नेहमी केली जाणारी तक्रार अशी की, तिने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर राहत नाही. गोव्यातल्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि यूपीएसची बॅटरी दमली की सर्व्हर बंद पडून नव्याने सुरू होतो. जूनमध्ये प्रिंटरसाठी दिलेला दुसरा पत्ता असाच चार वेळा नाहीसा झाला. अखेर ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलीत ‘अप’ या शब्दानंतर तीच कमांड लिहून ठेवली आणि तो त्रास संपला. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर हेच काम नेटप्लॅन या साधनाच्या फाइलीत करावे लागते आणि तिथे ‘नेटप्लॅन ट्राय’ ही चांगली सोय आहे: १२० सेकंदांत आपण मान्यता दिली नाही तर जुनी मांडणी परत येते.

परंतु हा विसराळूपणा मला आता दोष वाटत नाही. साखळीच्या त्या फेरीनंतर मी दुरून पत्ता बदलण्याआधी ‘शटडाउन -आर +५’ असे लिहून पाच मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होण्याची व्यवस्था करतो. बदल नीट झाला तर ‘शटडाउन -सी’ने ती रद्द करतो, मी बाहेर फेकला गेलो तर पाच मिनिटांनी यंत्र फाइलीतली जुनी मांडणी घेऊन परत उभे राहते. कमांडने आपला बदल फाइलीत लिहून टाकला असता तर ही सुटका शक्यच नव्हती. तात्पुरत्या कामासाठी याहून नेमकी सोय तिच्यातच आहे. पत्ता देताना ‘व्हॅलिड एलएफटी ६०० प्रेफर्ड एलएफटी ६००’ एवढे जोडले की दहा मिनिटांनी कर्नेल तो पत्ता स्वतःच काढून टाकतो. बाहेरून आलेल्या एखाद्या उपकरणाची चाचणी घेण्यासाठी मी ही सोय ऑक्टोबरपासून नियमित वापरतो आणि चाचणीचे पत्ते मागे राहून पुढे घोटाळा होण्याचे प्रकार पूर्णपणे थांबले आहेत.

मला न पटलेली एक गोष्ट म्हणजे संक्षेपांची मोकळीक. ‘आयपी ए’ लिहिले तरी पत्ते दिसतात आणि ‘आयपी आर’ लिहिले तरी वाटा दिसतात. स्वतःपुरते हे ठीक आहे, पण फाइलीत किंवा दुसऱ्याला शिकवताना मी ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘राउट’ असे पूर्ण शब्दच वापरतो, कारण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणारा माणूस मीच असेन असे नाही. त्रुटींचे संदेशही फार तोकडे आहेत. ‘फाइल एक्झिस्ट्स’ या शब्दांवरून ‘हा पत्ता आधीच दिलेला आहे’ असा अर्थ नवख्याने कसा काढावा? अलीकडच्या आवृत्त्यांत हे संदेश अधिक स्पष्ट झालेले दिसतात, ही समाधानाची बाब आहे.

सर्व्हरशेजारच्या भिंतीवर आता बाईंच्या सुवाच्य अक्षरातला एक कागद आहे. त्यावर पाहण्याच्या तीन कमांड आणि प्रत्येक उत्तरात कोणता शब्द शोधायचा ते लिहिलेले आहे. डिसेंबरमध्ये ‘नो-कॅरिअर’ त्यांनी स्वतः ओळखले आणि केबल बदलून घेतल्यावर मला केवळ कळवण्यासाठी फोन केला. येत्या मे महिन्यात नवा प्रिंटर येणार आहे. त्या दिवशी १९२.१६८.०.५ हा पत्ता ‘/२४’सह कमांडने काढायचा आणि फाइलीतली त्याची ओळही त्याच वेळी पुसायची, ही नोंद त्याच कागदाच्या तळाशी आम्ही आधीच करून ठेवली आहे.