नवीन पीसीमध्ये जुनी रॅम बसवून दिली, बॉक्स मात्र नवा कोरा. दुकानात असेंबल करून घेणाऱ्यांनी नक्की वाचा

बहीण लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, तिच्यासाठी आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून पीसी बनवून घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि त्या रोडवर प्रामाणिक दुकानं भरपूर आहेत हेही सांगतो, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. रॅम घेतली ३२ जीबी, १६-१६ च्या दोन स्टिक, डीडीआर४ प्रकारची, ३२०० स्पीडची, नामांकित कंपनीची, जीएसटी भरून पक्कं बिल. सीलबंद बॉक्स काउंटरवर आमच्यासमोर फोडला, स्टिक हातात दाखवल्या, आणि मग "अंदर लडका फिटिंग करेगा, आप तब तक चाय पी के आओ" म्हणून सगळं सामान आतल्या खोलीत गेलं.

घरी आणल्यापासून निळी स्क्रीन, म्हणजे विंडोज मध्येच बंद पडून एरर दाखवते ती. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी तिसरंच काहीतरी. एरर दर वेळी वेगळा येत असेल तर पहिला संशय रॅमवर घ्या, ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच तोच एरर परत येतो. रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार होणं, अर्ध्यात बंद पडायचं ते वेगळंच. पण सगळ्यात वाईट म्हणजे एका हळदीचं फुटेज कार्डवरून कॉपी केलं, कॉपी झाली असं दाखवलं, कार्ड पुढच्या कामासाठी फॉरमॅट झालं आणि नंतर कळलं की अर्ध्या क्लिप उघडतच नाहीत. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये सर्व्हरच्या ईसीसी रॅमसारखी चूक पकडायची सोय नसते, त्यामुळे चुकीचा बिट गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसतो. त्या घरची हळद परत कुठून आणायची? बहीण किती रडली ते आम्हालाच माहिती.

दुकानदार फोनवर म्हणे विंडोजचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारा. मारलं, काही फरक नाही. मशीन परत नेलं तर टेस्टिंग चार्ज घेतला आणि सांगितलं मदरबोर्ड गेलाय, रिप्लेसमेंटला वेळ लागेल, त्यापेक्षा वरचे पैसे टाका आणि मोठा बोर्ड घ्या. म्हणजे स्वतः खराब माल घालायचा आणि त्याच्यावर अजून एक वस्तू विकायची.

मग मी घरी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं. फुकट मिळतं, विंडोजच्या बाहेर चालतं. लाल ओळी धडाधड यायला लागल्या, आणि यात एकसुद्धा एरर चालत नाही हे लक्षात ठेवा. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायची सेटिंग, बंद करून स्पीड खाली आणला तरी तेच. (एक्सएमपी बंद केल्यावर एरर थांबले तर लगेच दुकानदाराशी भांडू नका, तेव्हा प्रोसेसरला किंवा बोर्डाला तेवढा स्पीड झेपत नाही असंही असू शकतं.) मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघितली. एक स्वच्छ निघाली, दुसरी फेल, आणि ती फेलवाली कुठल्याही स्लॉटमध्ये लावली तरी फेलच. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता.

खरी चोरी पकडली सीपीयू-झी मध्ये, पीसीच्या आतल्या पार्टची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर आहे ते. त्यात एसपीडी टॅब उघडून स्लॉट निवडला की त्या स्टिकची माहिती दिसते. एकाच पॅकमधल्या दोन स्टिक, पण दोन्हीच्या चिपची कंपनी वेगळी आणि खराब स्टिकची बनवल्याची तारीख दुसरीपेक्षा कितीतरी वर्षं जुनी! काही कंपन्या तारीख किंवा सिरीयल तिथे भरतच नाहीत, त्यामुळे नुसतं कोरं दिसलं म्हणजे फसवलं असं नाही. पण इथे स्टिकवरच्या स्टिकरचा नंबर बॉक्सशीसुद्धा जुळेना, कंपनीच्या वॉरंटी पेजवर बॉक्सवरचा नंबर बरोबर निघाला आणि स्टिकवरचा सापडलाच नाही, आणि हीट स्प्रेडरच्या (स्टिकवरच्या धातूच्या पत्र्याच्या) कडेला गोंद बाहेर आलेला. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव कसे चढलेत ते बघताय ना, एक स्टिक बदलली तरी यांना हजारो रुपये सुटतात.

दुकानदार सरळ म्हणाला, स्टिक तुम्हीच घरी बदलली असेल. बिलावर फक्त "रॅम ३२ जीबी" एवढंच, सिरीयल नंबर नाही, आणि तो त्याच्यावरच अडून बसला. आमच्याकडे एकच गोष्ट होती, बहिणीने काउंटरवर बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ काढला होता, तो थांबवून मोठा केला की दोन्ही स्टिकरवरचे नंबर वाचता येतात. तो दाखवल्यावर आवाज खाली आला. तुम्ही पैसे द्यायच्या आधी बिलावर प्रत्येक स्टिकचा नंबर लिहून घ्या, फिटिंग डोळ्यासमोर करून घ्या, आणि तिथेच सीपीयू-झी उघडायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकल्यावर रॅमचे पैसे परत मिळाले. टेस्टिंग चार्ज आणि फुटेजचं नुकसान द्यायला तो तयार नाही, म्हणून आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्या हळदीवाल्यांचे पैसे बहिणीने स्वतःच्या खिशातून परत केलेत, तेही दाव्यात धरलेत.